सापडण्याजोगे

इंग्रजी भाषेत 'डिस्कव्हरेबल' असे एक विशेषण आहे. कोश उघडला तर 'शोधून काढता येण्याजोगा' असा अर्थ मिळतो, आणि साहेबाच्या एका शब्दापायी आपले तीन शब्द खर्ची पडले एवढीच काय ती चुटपुट घेऊन आपण कोश मिटतो. पण शब्द तेवढ्याने मिटत नाही. वकिलाच्या तोंडी त्याचा एक अर्थ असतो, ज्योतिर्विदाच्या तोंडी दुसरा, आणि अलीकडे ग्रंथपाल व संगणकवाले यांच्या तोंडी तिसराच. या अर्थांच्या मागे जो इतिहास आहे त्यात एक जादूगार, एक शिकारी साहेब, एक लाजाळू ग्रह, आणि पुण्याचे एक दफ्तर अशी मंडळी येतात. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचावा इतका तो रंजक आहे. सगळाच गोड आहे असे मात्र नाही.

प्रथम शब्दाची फोड करू. 'कव्हर' म्हणजे झाकणे हे आपल्याकडे वह्यांना पुठ्ठे घालणाऱ्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याच्या उलट 'डिस्कव्हर', म्हणजे झाकण काढणे. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ नवे काही शोधून काढणे असा नव्हताच. जे आहे, जे कोणाला तरी पक्के माहीत आहे, ते दुसऱ्यापुढे उघडे करणे, असा होता. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकाच्या पाचव्या अंकात प्रॉस्परो हा जादूगार फर्डिनांड आणि मिरांडा यांना 'डिस्कव्हर' करतो अशी रंगसूचना आहे. ती दोघे हरवलेली नव्हती. बुद्धिबळ खेळत बसली होती, आणि कोठे बसली आहेत हे प्रॉस्परोला चांगले ठाऊक होते. त्याने फक्त पडदा सारला. राजाला आपला मुलगा बुडाला असे वाटत होते. त्याच्यापुढे तो जिवंत प्रकटला. आता या प्रसंगात फर्डिनांड 'डिस्कव्हरेबल' होता की नव्हता? राजाने बेट पालथे घातले असते तरी तो सापडला नसता. पडद्याची दोरी ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीने तो सापडला. ही दोरी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

पुढे समुद्रपर्यटनाचे युग आले आणि झाकण काढणाऱ्याचा मान वाढला. 'उघड करणे' मागे पडून 'प्रथम शोधणे' हा अर्थ पुढे आला. मौज अशी की, ज्याच्यासाठी वस्तू कधी झाकलेलीच नव्हती तो माणूस या नव्या अर्थातून साफ वगळला गेला. अमेरिकेची गोष्ट सर्वांना पाठ आहे, ती सोडून देऊ. आपल्या घरची घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांचा 'शोध' १८१९ साली जॉन स्मिथ या मद्रासच्या फौजेतील अधिकाऱ्याने शिकारीला आला असता लावला असे आपण शाळेत शिकलो. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव आणि त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील तारीख कोरून ठेवली आहे, म्हणजे पुराव्याचीही ददात नाही. त्या डोंगरात गुरे चारणाऱ्यांना ही लेणी ठाऊक नव्हती असे कोणीही म्हणणार नाही. पण त्यांनी खांबावर नाव कोरले नाही.

आता मराठीकडे वळतो, कारण आपली भाषा या बाबतीत अधिक चोखंदळ आहे. इंग्रज माणूस 'मी किल्ली शोधली' आणि 'मला किल्ली सापडली' यांतले दुसरे वाक्य बोलतानाही कर्ता स्वतःच असतो. आपल्याकडे शोधणारा मी. पण सापडते ती किल्ली, आणि मी बिचारा चतुर्थीत जाऊन बसतो. शोधणे हे कर्तृत्व, सापडणे हा योग. शोधूनही न सापडणे आणि न शोधताही गवसणे हे दोन्ही प्रकार आपल्या व्याकरणात सुखाने नांदतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण तर त्यावरच उभी आहे. 'शोध' हा शब्द संस्कृत 'शुध्' धातूचा, म्हणजे शुद्धीचा सोयरा. इंग्रज शोधतो तेव्हा झाकण काढतो, आपण शोधतो तेव्हा धान्य निवडावे तसे खडे बाजूला करतो. दुसऱ्या 'फाइंड' या धातूचे नाते पंडित आपल्या 'पंथ' शब्दाशी जोडतात. म्हणजे 'फाइंडेबल' ती वस्तू, जिच्यापर्यंत वाट जाते. मला स्वतःला हा अर्थ फार आवडतो.

परंतु 'सापडणे' या क्रियापदाला आणखी एक पदर आहे आणि तो इंग्रजीत नाही. चोर सापडतो. माणूस कात्रीत सापडतो, कोणाच्या तावडीत सापडतो. सापडणे म्हणजे हाती लागणे, आणि हाती लागणारा नेहमी खुशीने लागतो असे नाही. सापडण्याजोगे असणे हे सुखाचे की भीतीचे, ते शोधणारा कोण यावर अवलंबून आहे.

एवढे व्याकरण पुरे. आता ग्रहाकडे जाऊ.

२३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले या ज्योतिर्विदाला पॅरिसहून ल व्हेरिए याचे पत्र मिळाले. युरेनस ग्रह आपल्या गणिती वाटेवरून किंचित ढळतो, त्या अर्थी पलीकडे आणखी एक ग्रह त्याला ओढीत असला पाहिजे, आणि तो आकाशात अमुक ठिकाणी दिसेल, असे त्यात होते. गाले त्याच रात्री दुर्बिणीला बसला, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून मिळाला. गणिताच्या या विजयाचे पोवाडे तेव्हापासून गाइले जात आहेत आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्रीची एक लहानशी गोष्ट पोवाड्यात सहसा येत नाही. गालेच्या सोबत दारेस्त नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. नुसते दुर्बिणीतून पाहून ग्रह कोणता आणि तारा कोणता हे कळेना, तेव्हा त्याने सुचविले की आपल्याकडे त्या भागाचा नवा तारकापट आहे, तो समोर ठेवू. बर्लिनच्या अकादमीसाठी ब्रेमिकर याने केलेला हा पट नुकताच छापून झाला होता, परदेशी वेधशाळांकडे अद्याप गेलेला नव्हता. मग गाले एकेक तारा सांगत गेला आणि दारेस्त पटावर ताडून पाहत गेला. तासाभराच्या आतच एक तारा असा निघाला की तो पटावर नव्हता.

त्याच सुमारास इंग्लंडात केंब्रिजला प्राध्यापक चॅलिस हाही त्याच ग्रहाच्या मागे होता. त्याच्यापाशी चांगली दुर्बीण होती, चिकाटी होती, जॉन अ‍ॅडम्सचे गणितही होते. तो पट मात्र नव्हता. म्हणून तो आकाशाच्या त्या पट्ट्यातील ताऱ्यांच्या नोंदी करीत सुटला, मागाहून ताडून पाहू म्हणून. बर्लिनची बातमी आल्यावर त्याने वह्या चाळल्या तेव्हा ऑगस्ट महिन्यात आपण नेपच्यून दोनदा टिपून ठेवला होता असे त्याला आढळले! ग्रह त्याच्या वहीत होता, पण त्याला सापडला नव्हता.

याहून नवल गॅलिलिओचे. डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये तो गुरूच्या चंद्रांचे वेध घेत होता, आणि जवळचा एक साधा तारा म्हणून त्याने नेपच्यूनची जागा नोंदवून ठेवली. इतकेच नव्हे, तर तो शेजारच्या ताऱ्याच्या मानाने जरासा सरकला असावा असेही त्याने लिहिले. दोनशे तेहेतीस वर्षे आधी! ही नोंद नेपच्यूनची आहे हे चार्ल्स कोवाल आणि स्टिलमन ड्रेक या दोघांनी १९८० साली दाखवून दिले. त्यांनी ग्रहाच्या गतीचे गणित मागे चालवून त्या रात्री तो कोठे असला पाहिजे हे काढले आणि मग त्या तारखांची पाने पाहिली. म्हणजे नेपच्यून दोनदा सापडला. एकदा आकाशात, एकदा कागदात. दोन्ही वेळी कोठे पाहावयाचे हे आधी कोणीतरी लिहून ठेवले होते.

येथेच घोडे पेंड खाते. वस्तू असणे निराळे आणि सापडण्याजोगी असणे निराळे. मधले अंतर कोणीतरी केलेली एक यादी भरून काढते. ती यादी करणारा बहुधा अनामिक राहतो. ब्रेमिकरचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? आणि यादी ज्याच्या कपाटात असेल त्यालाच वस्तू सापडते, दुसऱ्याला नाही. चॅलिसची गोष्ट निदान निर्मळ आहे. तेथे कोणी यादी मुद्दाम दडवली नव्हती. आकाशातून जमिनीवर उतरले, आणि जमिनीतही इनाम जमिनीवर, की यादीला मालक येतो.

पेशवाई १८१८ साली बुडाली, आणि पेशव्यांचे दफ्तर कंपनी सरकारच्या हाती आले. रोजकीर्दी, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी अशा नाना प्रकारचे हे कागद, बहुतेक मोडीत, कापडी रुमालांत बांधलेले. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. सरकारला त्यांचे मोल पहिल्या दिवसापासून कळले, कारण कोणत्या गावाचा वसूल किती, कोणती जमीन कोणाला कशासाठी दिली, हे सारे त्यांत होते. ग्रँट डफ याने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला तो असल्या कागदांच्या आधारे. एका राज्याचा पाडाव करणाऱ्यांच्या हाती त्या राज्याची स्मरणशक्तीही आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग १८५२ चा अकरावा कायदा झाला आणि इनाम कमिशन बसले. दक्षिणेतल्या इनामदारांनी आपापले हक्क शाबीत करावे असे ठरले. घरोघर पेटारे उघडले गेले. आजोबांची सनद, पणजोबांचे पत्र, वाळवीने खाल्लेला एखादा महजर, जे होते ते घेऊन माणसे हजर झाली. मेजाच्या पलीकडच्या बाजूला सरकार बसले होते, आणि सरकारच्या मागे पेशव्यांचे सबंध दफ्तर. इनामदाराचा कागद दफ्तराशी ताडून पाहिला जाई. नोंद जुळली तर ठीक. न जुळली, किंवा उलटीच निघाली, तर जमिनीवर आकार बसे. हजारो इनामांची अशी छाननी झाली. त्यांत खोट्या सनदा नव्हत्या असे नव्हे, पुष्कळ होत्या, आणि त्या उघडकीस आल्या याचे दुःख करण्याचे कारण नाही. मला खटकते ते निराळेच. दफ्तरात इनामदाराच्या बाजूचा कागद असला तरी तो शोधणारा कारकून सरकारचा होता. दोरी एकाच हाती होती. १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक नजराणा घेऊन प्रकरणे मिटवण्याची सोय झाली आणि चौकशीचा जाच संपला. पण कागद बाहेर काढला की घर सापडते, ही धास्ती लोकांच्या मनात बसली ती पिढ्यान् पिढ्या गेली नाही.

आणि गंमत पाहा. ज्या इंग्रजांनी हे केले त्यांच्याच न्यायशास्त्रात 'डिस्कव्हरेबल' या शब्दाचा अगदी उलट अर्थ मोठ्या अभिमानाने नांदत होता. त्यांच्या चॅन्सरी कोर्टात दावा चालवताना पक्षकाराला प्रतिपक्षाजवळचे कागद उघड करायला लावता येत असे. त्याला 'डिस्कव्हरी' म्हणत. येथे शब्दाचा जुना अर्थ, प्रॉस्परोचा पडदा, तसाच शिल्लक राहिला. फक्त दोरी प्रतिपक्षाच्या हाती दिली. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील अकरावा आदेश हा त्याचाच वंशज. वकिलाच्या भाषेत कागद 'डिस्कव्हरेबल' आहे याचा अर्थ तो कोठे आहे हे कळू शकेल असा नाही. तो समोर ठेवण्यास तुम्ही बांधलेले आहात, असा आहे. त्यामुळे विलक्षण प्रकार घडतात. पक्षकाराने आपल्या वकिलाला सल्ल्यासाठी लिहिलेले पत्र कोणत्या खणात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असले तरी ते 'डिस्कव्हरेबल' नाही. उलट, कोणीही कधी न पाहिलेली हिशेबाची चोपडी 'डिस्कव्हरेबल' असू शकते. ज्योतिर्विदाला हे सांगितले तर तो कपाळाला हात लावील.

इतिहासाला मात्र असे कोर्ट नव्हते. दफ्तर पुण्यातच, पुणेकरांच्या नाकासमोर. पण अभ्यासकाला दार बंद. न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून निवडक उतारे काढले, त्यांवर रानड्यांनी १९०० साली निबंध वाचला, आणि पुढे ते उतारे खंडाखंडाने छापले गेले. दार तेवढेच किलकिले झाले. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी त्या दाराशी ताटकळत बसण्याऐवजी दुसरी वाट धरली. ते गावोगाव हिंडले आणि घराघरांतले कागद मागू लागले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते त्यांच्याच पुढाकाराने. हे काम किती कठीण होते याची कल्पना यावी म्हणून इनाम कमिशनची हकीकत मी आधी सांगितली. अनोळखी माणूस दारात येतो आणि तुमचे जुने कागद दाखवा म्हणतो, हे ज्यांच्या वाडवडिलांना एकदा महागात पडले होते त्यांनी त्याला पेटारा उघडून द्यावा, ही अपेक्षा थोडी नव्हे. कितीतरी कागद भीतीने दडवले गेले, कितीतरी रद्दीत गेले, आणि त्यांच्यातून वाण्याने जिऱ्यामिऱ्याच्या पुड्या बांधल्या. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास वारले. दफ्तराचे दार त्यानंतर उघडले.

ते उघडले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्यासाठी. सर जदुनाथ सरकारांचा पाठिंबा त्यांना होता. रियासतकारांनी मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ साली लिहिला होता. ज्या दफ्तरावरून तो लिहावयाचा ते दफ्तर संपादायला ते बसले तेव्हा त्यांच्या वयाची पासष्टी आली होती. १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. हा वेग पाहून थक्क व्हायला होते, आणि निवड घाईची झाली अशी टीकाही झाली. माझे मत विचाराल तर घाई क्षम्य आहे. जे दार शंभर वर्षांनी उघडले ते पुन्हा केव्हा लागेल याचा काय नेम?

दार उघडणे हे अर्धेच काम, हे मात्र नंतर कळले. मोडी शाळांतून गेली, आणि रुमाल समोर सोडून ठेवला तरी अक्षर ओळखणारा मिळेना. झाकण काढल्यावर खाली दुसरे झाकण निघावे तसे झाले. शास्त्रज्ञांनाही हाच अनुभव आला. २०१६ साली त्यांच्यापैकी काहींनी संशोधनातील माहिती कशी ठेवावी याची तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पहिलेच तत्त्व 'फाइंडेबल' असे घातले. कोट्यवधी आकडे यंत्रांत साठले होते, पण ज्याने साठवले त्याच्याखेरीज कोणाला गवसत नव्हते. चॅलिसची वही ती हीच, आकार तेवढा वाढला.

आपल्या कचेऱ्यांत या गोष्टीसाठी 'नॉट ट्रेसेबल' असा एक प्रसिद्ध शेरा आहे. एका कचेरीत, नाव कशाला सांगू, एका जुन्या नकाशासाठी मी चार खेपा घातल्यावर तेथील वृद्ध कारकुनाने मला मोठ्या आपुलकीने सांगितले, "साहेब, फाईल आहे हो. पण सापडत नाही." अस्तित्व आणि उपलब्धी यांतील भेद नैयायिकांनीही याहून स्वच्छ सांगितला नसेल. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने त्या शेऱ्यावर उपाय योजला आहे. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित करून ठेवावेत असे म्हटले आहे. मागणाऱ्याला कागद द्या एवढ्यावर न थांबता, तो सापडेल असा ठेवा, असे. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की कागद सापडत नाही एवढे सांगून सुटका नाही. कसून शोध घ्यावा लागेल, आणि हरवला असेल तर जबाबदारी ठरवावी लागेल. चौथे कलम किती ठिकाणी पाळले जाते हा निराळा विषय आहे आणि दिवाळीच्या दिवसांत तो नको.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०२३ साली, महाराष्ट्रात एक शब्दप्रयोग घराघरांत पोचला: 'नोंद सापडली'. मराठा समाजातील कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरक्षणाचा वाद येथे काढण्याचे प्रयोजन नाही. मी फक्त क्रियापदाकडे पाहत होतो. शाळांची दाखल-खारीज पुस्तके, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, कोतवाल बुके, निजामाच्या काळचे उर्दू-फार्सी कागद, असे काय काय तळघरांतून वर आले. ज्या गावांत सत्तर वर्षे कोणी त्या कपाटाला हात लावला नव्हता तेथे लोक रांगा लावून विचारू लागले, "आमचे सापडले का?" आजोबा कागदावर सापडावेत म्हणून नातू देव पाण्यात घालून बसले होते. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून कचेऱ्या मोडी वाचणारी माणसे शोधू लागल्या. त्यांची कोठे यादी केलेली नव्हती.